लागू नसेल ते खोडा

समजा, तुम्ही संगणकासमोर बसला आहात. पडदा काळा, अक्षरं पांढरी. संगणक विचारतो, हौशी रेडिओ जोडायचा आहे का? हो किंवा नाही दाबा. तुम्ही काहीतरी दाबता. मग तो विचारतो, खेळायची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, लावणार का? टीव्ही दाखवणारं कार्ड बसवणार का? या मशीनला एकच प्रोसेसर आहे की दोन? तुम्ही उठून पाणी पिऊन येता, तरी तो तिथेच थांबलेला. असे नऊशे प्रश्न. आणि तुम्ही आजवर हात लावलेली यंत्रं दोनच, टाइपरायटर आणि बायकोचं शिलाई मशीन. काय कराल?

हरिदास नंदेश्वर यांनी नऊशेच्या नऊशे प्रश्नांना 'हो' असं उत्तर दिलं.

त्यांना अडीच दिवस लागले. जेवणाचा डबा त्यांनी कळफलकाशेजारी उघडला आणि एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने 'हो' दाबत राहिले.

हे दोन हजार एक सालातलं. छत्तीसगड राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. रायपूर राजधानी झालं होतं आणि जिथे चार खोल्या रिकाम्या दिसतील तिथे कुठल्या ना कुठल्या संचालनालयाची पाटी लागत होती. हरिदासकाकांचं संचालनालय बूढ़ापाऱ्यात एका भाड्याच्या घरात भरत होतं. स्वयंपाकघरात अभिलेख शाखा, ओट्यावर फायली. दिवाणखान्यात स्थापना शाखा. भोपाळहून ट्रकमधून तीन जुने संगणक आले, तेव्हा ते ठेवायला खोलीच उरली नव्हती. शेवटी एक चालू करून न्हाणीघरात ठेवला. तिथे पांढऱ्या फरशा होत्या, धूळ कमी होती आणि गीझरसाठी काढलेला मोठा प्लग होता. नळ तसाच भिंतीत होता. त्याला काकांनी प्लॅस्टिकची पिशवी बांधली. दारावर कागद चिकटवला, 'संगणक कक्ष'. तरी पहिले काही महिने बाहेरून आलेले लोक दार ठोठावून विचारायचे, कोणी आत आहे का.

काका तिथे कसे पोचले, तेही सांगते. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत गँगमन म्हणून आले आणि इथलेच झाले. काका सरकारी नोकरीत बाबू म्हणून लागले आणि एकोणीस वर्षं डिस्पॅचला होते. पाकीट, डिंक, तिकीट, शिक्का, रजिस्टरात नोंद, पुढचं पाकीट. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं डिंकाने कायम चकचकीत असायची. कलावतीकाकू सांगायच्या, लग्नानंतर पहिल्या दिवाळीला यांनी करंजी उचलली ती बोटाला चिकटूनच वर आली. संगणक आल्यावर बडे बाबू अनंतराव पिंपळापुरे यांनी विचारलं, टायपिंगची परीक्षा कोण पास आहे? काकांनी हात वर केला. तीन ओळींचा आदेश निघाला, 'आगामी आदेश तक' काका संगणक प्रभारी. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी साबणाने तीनदा हात धुतले.

पुढचं सगळं त्या 'आगामी आदेश तक' साठी चाललेलं होतं. डिस्पॅचची खुर्ची अजून रिकामी होती. काका ये-जा करताना तिच्याकडे बघत नसत.

त्यांची मुलगी दीक्षा माझ्याबरोबर पॉलिटेक्निकला होती. मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्स या संगणकप्रणालीची सीडी तिनेच त्यांना दिली. भोपाळच्या त्या मशीनवर दुसरं काही धड चालत नव्हतं. लिनक्सची गंमत ही की तिचा मूळ मजकूर मिळतो. माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा. त्यावरून आपल्या मशीनपुरता गाभा, म्हणजे मशीन चालवणारा मूळ भाग, आपणच तयार करायचा. तयार करण्याआधी ती विचारून घेते, काय काय घालू? म्हणून ते नऊशे प्रश्न.

सगळं 'हो' झाल्यावर मशीन काम करायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डिस्क भरून बंद पडलं. काकांनी घरी दीक्षाला सांगितलं. दीक्षाला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच येतं.

"बाबा, सब में यस कौन दबाता है?"

"मंग काय दाबू?"

"जो चाहिए उसमें यस. बाकी सब नो."

"नाही लिवलं का खाली कारण लिवा लागते," काका म्हणाले. "अन् कॉलम कोरा सोडला का फाईल वापस येते. तुले सरकारी काम नाही समजत."

यात काकांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनी आयुष्यभर जे फॉर्म पाहिले, त्यात 'हो' लिहिणाऱ्याला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी ते इमानदार माणूस. ज्या प्रश्नांचा अर्थच लागला नव्हता, अशा सतरा प्रश्नांची त्यांनी आधीच नस्ती उघडून बड्या बाबूंकडे पाठवली होती. 'संगणक द्वारा पूछा गया है कि शौकिया रेडियो समर्थन आवश्यक है अथवा नहीं. आदेशार्थ प्रस्तुत.' अनंतरावांनी समासात हिरव्या शाईने लिहिलं, 'चर्चा करें'.

अनंतराव मूळचे अमरावतीकडचे, सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून कुठल्याही कागदावर 'नाही' हा शब्द गेलेला नव्हता. चर्चा अशी झाली. त्यांनी विचारलं, हा रेडिओ आपल्याकडे आहे का? काका म्हणाले, नाही. अनंतराव म्हणाले, उद्या आला तर? मग स्वतःच म्हणाले, असू द्या, काही खायला मागत नाही. खायला मागत होता, हे डिस्क भरल्यावर कळलं.

दुसऱ्यांदा दीक्षा बसली. तिने दीड तासात आठशेच्या वर 'नाही' दाबले. काका मागे उभे राहून प्रत्येक 'नाही'ला थोडे मागे सरकत होते. नवा गाभा बसला आणि आधी चालू व्हायला चहा होईपर्यंतचा वेळ घेणारं मशीन पाण्याचा ग्लास संपायच्या आत तयार झालं. काकांनी तीनदा बंद करून चालू करून पाहिलं. मग संध्याकाळी अनंतरावांना सांगितलं, 'नाही' म्हटल्यानं मशीन पळते. अनंतरावांनी यावर काही लिहिलं नाही.

आता खरं काम सुरू झालं. भोपाळहून मशीनबरोबर तीन फ्लॉप्या आल्या होत्या. त्यात आवक-जावकचा प्रोग्राम होता, तिथल्या कुणा इंजिनिअरने लिहिलेला. पत्र आलं की नोंद, उत्तर गेलं की नोंद, महिन्याच्या शेवटी प्रलंबित पत्रांची यादी. इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता, मूळ मजकूर मागे राहिला होता. संचालकांनी सांगितलं, हा सर्व जिल्हा कार्यालयांत चालला पाहिजे. एका खाजगी पुरवठादाराची फाईलही टेबलावर होती. नवे संगणक, तयार प्रोग्राम, सगळं सोबत. काकांचा चालला नाही तर तो घ्यायचा. आणि मग संगणक प्रभारीची गरज नाही, असं कोणी म्हणालं नाही, पण डिस्पॅचमध्ये नवी डिंकाची बाटली आली हे भीमाबाईंनी काकांना सांगितलं. भीमाबाई तिथल्या भृत्य, म्हणजे शिपाई, साहेबांच्या खोलीतलं सगळं त्यांना आधी कळायचं.

लिनक्सच्या गाभ्याने नऊशे प्रश्न विचारले होते. या प्रोग्रामने एकही विचारला नाही. तयार करायला घेतला की पाचव्या मिनिटाला अडायचा. फॅक्सचं सामान सापडत नाही. भोपाळच्या कार्यालयात फॅक्स होता, पत्र नोंदलं की पोच आपोआप फॅक्सने जायची. इथे फॅक्स सोडाच, न्हाणीघरापर्यंत फोनची तारही आली नव्हती.

"याले कोनी शिकवलंच नाही विचाराले," काका दीक्षाला म्हणाले. "समद्यांकडे समदं असते असं धरून बसला."

त्यांनी प्रोग्रामचा सगळा मजकूर छापून काढला. बासष्ट पानं. सी भाषा त्यांना येत नव्हती. दीक्षाचं पहिल्या वर्षाचं पुस्तक आणि रजिस्टर तपासायची सवय, एवढ्या भांडवलावर त्यांनी जिथे जिथे फॅक्स दिसला तिथे लाल पेन्सिलने रेघ मारली, आणि मग संगणकात बसून रेघ मारलेल्या ओळी पुसून टाकल्या. प्रोग्राम तयार झाला. चालला. तीन दिवस सगळ्या शाखांनी कौतुकाने पत्रं नोंदवली. चौथ्या दिवशी यादी काढली तर एकही पत्र नव्हतं.

कारण काकांनाच सापडलं, आणि ते दुसऱ्या कोणाला सापडलं असतं असं मला वाटत नाही. भोपाळच्या इंजिनिअरने जुन्या डिस्पॅच बाबूला विचारून प्रोग्राम लिहिला होता. जुना बाबू रजिस्टरात नोंद पक्की कधी करतो? तिकीट लावून, शिक्का मारून, पाकीट हातावेगळं झाल्यावर. तोवर शिसपेन्सिल. म्हणून प्रोग्राममध्येही पत्र कायमचं जमा व्हायचं ते फॅक्स गेल्यावर. फॅक्सच्या ओळी पुसल्या तशी जमा करायची ओळही त्यांच्यातच गेली. काका म्हणाले, हा माणूस आमच्यातलाच. त्यांनी ती ओळ फॅक्सच्या तावडीतून सोडवून बाहेर आणली. त्यानंतर पत्रं राहायला लागली.

मग दुर्गहून निरोप आला, आमच्याकडे फॅक्स आहे, आम्हाला पोच हवी. काकांनी पुसलेल्या ओळी छापील कागदावरून पुन्हा टाइप केल्या. जगदलपूरला फॅक्स नव्हता आणि प्रिंटरही नव्हता. बिलासपूरला दोन्ही होते, पण बारकोड वाचायचं यंत्रही होतं. ते कशासाठी आलं हे कोणाला माहीत नव्हतं, पण आलं होतं म्हणून वापरायचं होतं. प्रत्येकासाठी काकांनी वेगळी फ्लॉपी केली. वर निळ्या शाईने नाव. महिन्याभरात अकरा फ्लॉप्या झाल्या. त्यात फेब्रुवारीची तारीख चुकते हे अंबिकापूरच्या बाबूने कळवलं. ती एक चूक काकांनी अकरा ठिकाणी दुरुस्त केली. नवव्या फ्लॉपीत दुरुस्ती करताना नवी चूक केली. ती नववीच होती की सातवी, हे त्यांना आठवेना.

कलावतीकाकूंनी मला एकदा विचारलं होतं, पोट्टी, तुमच्या कॉलेजात असंच करतात का? माणूस जेवताना अकरापर्यंत मोजून राहिला.

उपाय मिळाला तो दीक्षाच्या पुस्तकातून नाही. मार्चमध्ये काका प्रवास भत्त्याचं बिल भरत होते. छापील फॉर्म. 'मैं स्वयं / मेरी पत्नी / मेरे आश्रित ने यात्रा की', आणि खाली बारीक अक्षरात, 'जो लागू न हो उसे काट दें'. त्यांनी सवयीने बायको आणि आश्रित खोडले. मग पेन तसंच धरून बसून राहिले. शेजारी बसलेल्या अनंतरावांना वाटलं, बिलात काही आक्षेप निघाला.

"बडे बाबू," काका म्हणाले, "सरकार बायकोवाल्याचा अन् बिनबायकोवाल्याचा फॉर्म अलग अलग छापते का?"

"नाही. काहून?"

"एकच छापते. अन् लागू नाही ते खोडा म्हणते."

"बरोबर आहे. कागद वाचतो."

काका बिल तसंच टाकून न्हाणीघरात गेले. संध्याकाळी ते बिल भीमाबाईंनी त्यांच्या डब्यात घालून दिलं.

सी भाषेत अशी सोय आधीपासून आहे. मजकुराच्या एका भागाच्या आधी एक ओळ घालायची आणि नंतर एक. मधलं लागू असेल तर घे, नाही तर जणू खोडलंय असं समज. पुसायचं काहीच नाही, फक्त खोडायचं, आणि तेही प्रत्येक कार्यालयाने आपापलं. दीक्षाने ती ओळ दाखवल्यावर काका म्हणाले, एवढंच होतं तर अकरा फ्लॉप्या करेपर्यंत काहून गप होती? दीक्षा म्हणाली, आपने पूछा ही नहीं.

एप्रिलभर त्यांनी बासष्ट पानांतून फॅक्स, प्रिंटर, बारकोड अशा सगळ्या ऐच्छिक गोष्टींना या दोन दोन ओळींचं कुंपण घातलं. मग सुरुवातीला प्रश्न विचारणारा छोटा भाग लिहिला, हिंदीत. 'फैक्स है? हाँ / नहीं'. 'प्रिंटर है? हाँ / नहीं'. एकच फ्लॉपी सगळीकडे. ज्याने त्याने आपल्याकडचं सांगावं, त्याप्रमाणे त्याचा प्रोग्राम तयार व्हावा.

पहिल्याच आठवड्यात फॅक्स नसलेल्या सगळ्या जिल्ह्यांतून तक्रार आली की फॅक्सचं सामान सापडत नाही. काकांनी फोन करून विचारलं, फॅक्स नाही तर 'हाँ' का दाबलं? जगदलपूरचा बाबू म्हणाला, 'नहीं' दबाते तो फैक्स कभी मिलता ही नहीं.

काकांना त्याच्यावर रागावता येईना. त्यांनी दुसरा मार्ग काढला, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. विचारायचंच नाही. प्रोग्रामने स्वतः बघावं. फॅक्सचं सामान आहे? घे. प्रिंटरला हाक मारावी, त्याने ओ दिली तर छपाई घाल, नाही दिली तर गुपचूप वगळ आणि पुढे चल. कोणाला त्रास नाही, कोणाला फोन नाही. ज्याला हट्टाने काही हवंच असेल त्याच्यासाठी एक जादा सूचना ठेवली, तयार करताना नाव घेऊन मागायची. ती कोणी वापरेल असं त्यांना वाटलं नव्हतं. जगदलपूर चाललं. अंबिकापूर चाललं. अनंतरावांनी नस्तीवर 'देखा' लिहिलं, म्हणजे ते खूष होते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सचिवालयातून एक साहेब पाहणीला यायचे ठरले. साहेबांची अट होती, तयार केलेला दाखवू नका. माझ्यासमोर कोऱ्या मशीनवर पहिल्यापासून तयार करा, मग प्रलंबित पत्रांची यादी छापून द्या. पुरवठादाराचा माणूसही येणार होता. काकांनी आदल्या दिवशी सात वेळा सगळं करून पाहिलं. सातही वेळा यादी छापली गेली. कलावतीकाकूंनी इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट दिला आणि म्हणाल्या, हात नका पुसू त्याले. काका म्हणाले, आता काय पुसायचं, डिंक सुटून वर्ष झालं.

त्या दिवशी ऊन असं होतं की न्हाणीघराच्या फरशाही गरम लागत होत्या. साहेब साडेअकराला आले. त्यांच्यासोबत अनंतराव, पुरवठादाराचा माणूस, स्थापनेचे दोघे, म्हणजे काका धरून न्हाणीघरात सहा माणसं आणि दाराशी भीमाबाई. साहेबांना नळाच्या पिशवीशेजारी खुर्ची दिली. काकांनी सुरुवात केली. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. सात मिनिटांचं काम होतं. काका मधून मधून सांगत होते, आता हे बघून राहिलं, फॅक्स आहे का, नाही, सोडून दिलं, पुढे गेलं. साहेब मान हलवत होते. पुरवठादाराचा माणूस घड्याळ बघत होता.

प्रोग्राम तयार झाला, कुठेही न अडता. काकांनी दोन पत्रं नोंदवली. साहेब म्हणाले, अब सूची छापिए.

काकांनी पर्यायांची यादी उघडली. नोंद करा. शोधा. दुरुस्त करा. बाहेर पडा. 'छापा' नव्हतं.

काकांनी ती यादी बंद करून पुन्हा उघडली. चार ओळी. अनंतरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. पुरवठादाराचा माणूस नम्रपणे म्हणाला, सर, हमारे वाले में प्रिंट सामने ही रहता है.

काकांनी मला नंतर सांगितलं की त्या क्षणी त्यांना बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी वाटली. पण बाबू माणूस, कागद हरवला तर आधी जावक बघायची हे अंगात मुरलेलं. त्यांनी साहेबांना म्हटलं, दोन मिनिट सर, आणि तीच जादा सूचना टाइप केली. प्रिंटर हवाच आहे, असं नाव घेऊन मागितलं. प्रोग्राम पुन्हा तयार व्हायला लागला आणि लगेच थांबला. पडद्यावर काकांनीच कधीतरी लिहिलेली ओळ आली.

'छपाई मांगी गई है, किन्तु प्रिंटर उत्तर नहीं दे रहा. कृपया देखें.'

सगळ्यांनी प्रिंटरकडे पाहिलं. प्रिंटर जागेवर होता. त्याचा दिवा बंद होता. मग सगळ्यांनी वायरीमागे वायर बघत दारापर्यंत नजर नेली. तिथे भीमाबाईंच्या शेजारी एक कूलर मोठ्या आवाजात साहेबांच्या मानेवर वारा सोडत होता, आणि त्याचा प्लग प्रिंटरच्या जागी होता.

"साहब बर लगाए हंव," साहेबांसाठी लावलाय असं भीमाबाई छत्तीसगढीत म्हणाल्या. "वो तो कुछु करत नइ रिहिस, चुपचाप बइठे रिहिस."

भीमाबाईंचं बरोबरच होतं, प्रिंटर खरंच काही करत नव्हता. अनंतरावांनी कूलर काढा म्हणून सांगितलं. साहेबांनी हात वर केला आणि काकांना विचारलं, पहिल्यांदा याने का नाही सांगितलं? काका म्हणाले, सर, पहले मैंने माँगा नहीं था. सिर्फ देख लेने को कहा था. साहेबांनी विचारलं, मतलब जो नहीं मिला, वो चुपचाप छोड़ दिया? काका म्हणाले, जी. साहेब म्हणाले, और हमको पता भी नहीं चलता. काका म्हणाले, जी.

प्लग बदलला. कूलर थांबला. एकच बोर्ड, त्यात दोनच जागा, त्यातली एक संगणकाची. पुढची सात मिनिटं रायपूरच्या मे महिन्यात सहा माणसं एका न्हाणीघरात वाऱ्याविना थांबली होती, आणि पडद्यावर ओळी पळत होत्या. पुरवठादाराचा माणूस तिसऱ्या मिनिटाला एक फोन करून येतो म्हणून गेला. साहेब उठले नाहीत. शर्ट पाठीला चिकटला तरी उठले नाहीत. छापखान्यासारख्या आवाजात यादी बाहेर आली, तिचा कागद त्यांनी स्वतः फाडून घेतला, आणि त्यावर घामाचा अंगठा उमटला.

आठ दिवसांनी आदेश आला. प्रोग्राम सर्व जिल्ह्यांत लागू. श्री हरिदास नंदेश्वर संगणक प्रभारी, आगामी आदेश तक. तो पुढचा आदेश नंतर कधी आलाच नाही. काका त्याच खुर्चीवरून दोन हजार नऊमध्ये निवृत्त झाले. डिस्पॅचला दुसरा माणूस घेतला. न्हाणीघराला दुसरा बोर्ड मिळाला.

पण आदेशाच्या खाली साहेबांनी हाताने एक ओळ लिहिली होती, प्रोग्रामने न सापडलेल्या वस्तूबाबत काय करावे हे निश्चित करून कळवावे. काकांना ते कळवायचं होतं. त्यांनी आधी प्रोग्राम असा केला की काहीही सापडलं नाही की थांबेल आणि ओरडेल. जगदलपूरहून रोज फोन यायला लागला, आमच्याकडे नाही म्हणून एकदा सांगितलं ना, दर वेळी का विचारतो? मग परत गप्प राहणारा केला. तर बिलासपूरचा फॅक्स नादुरुस्त होऊन दुरुस्तीला गेला, त्याच आठवड्यात तिथे नव्याने प्रोग्राम बसवला, फॅक्स परत आला, आणि पोच जात नाही हे दोन महिन्यांनी कळलं. काकांनी मधला रस्ता काढला. थांबायचं नाही, पण शेवटी यादी द्यायची, हे हे सापडलं नाही म्हणून घातलेलं नाही. यादी कोणी वाचत नाही, हे त्यांना पहिल्याच महिन्यात समजलं. अनंतरावांपुढे नस्ती ठेवली, तर त्यांनी स्वतःच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी तिच्यावर 'चर्चा करें' लिहून ती परत केली.

आता मी याच कामात आहे, पगार घेऊन असे प्रोग्राम लिहिते. पंडरी बाजारात कापड घ्यायला आलेले काका मागच्या महिन्यात भेटले. कलावतीकाकू आत पडद्यांचा रंग ठरवत होत्या. काकांनी तब्येत विचारली नाही, नोकरी विचारली नाही. दुकानाच्या पायरीवर मला थांबवलं आणि म्हणाले, "तू तर शिकलेली हायेस. मले एक सांग. मालकानं हो म्हटलं नाही, नाहीबी म्हटलं नाही, अन् वस्तू जागेवर सापडली नाही, तं प्रोग्रामनं थांबून ओरडावं का गुमान पुढं जावं?"